उन्हाळ्यातील सहल आणि लहान मूल

उन्हाळ्याची सुट्टी आणि आगगाडीचा प्रवास यांचे नाते मराठी घरांत फार जुने आहे. परीक्षा संपल्या की आजोळची ओढ लागते, पाहुण्यांची ये-जा सुरू होते आणि एखादा दिवस काढून जवळपासचे ठिकाण पाहून यावे, असा बेत घरोघरी आखला जातो. सकाळी निघून रात्री घरी परतायचे असल्यामुळे अशी सहल सोपी वाटते. मोठ्या माणसांसाठी ती सोपी असतेही. परंतु बरोबर तीन-चार वर्षांचे मूल असेल आणि पारा चाळीस अंशांच्या वर गेला असेल, तर हीच सहल मुलाच्या प्रकृतीवर बेतू शकते. म्हणूनच तिचे नियोजन विचारपूर्वक करावे लागते. नियोजन म्हणजे केवळ सामानाची यादी नव्हे. बरोबरच्या सर्वांत लहान जिवाला काय झेपेल, ते आधी ठरवून त्याभोवती संपूर्ण दिवस आखणे, हा नियोजनाचा खरा अर्थ आहे.

लहान मुलाला ऊन अधिक का बाधते?

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि त्वचेचे त्याहून दोन-तीन अंशांनी कमी असते. बाहेरची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर शरीरातील जादा उष्णता हवेत निघून जाते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की हा क्रम उलटतो. मग हवाच शरीराला तापवू लागते. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. त्वचेवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. घाम येण्यामुळे नव्हे, तर तो वाळण्यामुळे अंग थंड होते.

लहान मुलाच्या बाबतीत ही व्यवस्था अपुरी पडते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असते. त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या शरीरात लवकर शिरते. त्याला घाम कमी येतो. धावताना आणि खेळताना वजनाच्या मानाने त्याचे शरीर जास्त उष्णता निर्माण करते. शिवाय मूल उंचीने कमी असल्याने तापलेल्या फलाटाच्या आणि रस्त्याच्या अधिक जवळ असते. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी, की खेळात रमलेल्या मुलाला तहान लागल्याचे भान नसते. थकवा आला, डोके दुखू लागले, तरी त्याला ते नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. ते किरकिर करते किंवा एकाएकी गप्प बसते. मोठी माणसे त्याला हट्ट म्हणतात. प्रत्यक्षात ती उष्णतेची पहिली सूचना असू शकते.

एक उदाहरण : नागपूर ते सेवाग्राम

नियोजनाची तत्त्वे प्रत्यक्ष उदाहरणावरून चांगली समजतात. समजा, नागपुरातील एका कुटुंबाला एप्रिलच्या अखेरीस सेवाग्राम आश्रम पाहण्यास जायचे आहे. आई, वडील, आजी आणि चार वर्षांची मुलगी अशी चौघे जण आहेत. नागपूर ते सेवाग्राम हे अंतर लोहमार्गाने ऐंशी किलोमीटरांच्या आत आहे. अजनी, बुटीबोरी, सिंदी अशी स्थानके मागे टाकीत गाडी साधारण एक ते दीड तासात तेथे पोहोचते. मुंबई-हावडा या मुख्य मार्गावरील हे स्थानक पूर्वी ‘वर्धा पूर्व’ या नावाने ओळखले जात असे. स्थानकापासून आश्रमापर्यंत रिक्षाने जाता येते.

हे ठिकाण उन्हाळ्याच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगे आहे. महात्मा गांधी वर्ध्याहून या खेड्यात प्रथम राहावयास आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे विदर्भातील कडक उन्हाळ्यातच. तेव्हा गावाचे नाव ‘सेगाव’ होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी या नावाचा घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जात. म्हणून १९४० मध्ये गावाला ‘सेवाग्राम’ हे नाव देण्यात आले. आपले घर स्थानिक साहित्यातून बांधावे आणि त्याचा खर्च पाचशे रुपयांहून अधिक होऊ नये, अशी गांधीजींची अट होती. त्यातून माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची साधी घरे उभी राहिली. पंखा किंवा विजेचे उपकरण नसताना वैदर्भीय उन्हाळ्यात माणसे कशी राहत होती, याचा वस्तुपाठच त्या कुटींमध्ये पाहावयास मिळतो.

जावे की न जावे?

नियोजनातील पहिला प्रश्न ‘कसे जावे?’ हा नसून ‘त्या दिवशी जावे का?’ हा आहे. नागपूर येथे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो, तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. या दिवसांत लहान मुलाला घेऊन हौसेचा प्रवास न करणेच इष्ट होय. मार्च महिना किंवा एप्रिलचा पूर्वार्ध त्या मानाने बरा.

भारतीय हवामान विभाग दररोज जिल्हावार इशारे प्रसिद्ध करतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक वाढले, तर तिला उष्णतेची लाट म्हणतात. सरासरी कितीही असो, पारा ४५ अंशांवर पोहोचला तरी ती लाटच समजली जाते. इशाऱ्यासाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग वापरले जातात. निघण्याच्या आदल्या दिवशी निघण्याचे ठिकाण आणि जाण्याचे ठिकाण, अशा दोन्ही जिल्ह्यांचा इशारा पाहावा. तो नारिंगी किंवा लाल असेल, तर सहल पुढे ढकलावी. पिवळा असेल, तर दुपारपूर्वी घरी परतता येईल एवढाच बेत ठेवावा. मुलाला ताप, जुलाब किंवा उलट्या होत असतील, तर रंग कोणताही असला तरी घरीच थांबावे. शरीरातील पाणी आधीच कमी झालेल्या मुलाला ऊन फार लवकर बाधते.

असा निर्णय आदल्या रात्री घेणे सोपे जाते. तिकिटे काढून झाली, मूल नवे कपडे घालून तयार झाले आणि पाहुण्यांना निरोप गेला, की मग ‘नको’ म्हणणे अवघड होते. यासाठी कोणत्या परिस्थितीत बेत रद्द करायचा, हे घरातील सर्वांनी आधीच ठरवून ठेवावे.

तिकीट, गाडी आणि खिडकी

पाच वर्षांखालील मुलास रेल्वेत तिकीट लागत नाही. मात्र त्याच्यासाठी स्वतंत्र जागा हवी असल्यास पूर्ण भाडे भरावे लागते. उन्हाळ्यात तासभर मांडीवर बसलेले मूल आणि त्याला धरून बसलेला माणूस, दोघेही घामाघूम होतात. म्हणून शक्य असल्यास मुलासाठी जागा घेणे हा खर्च वाया जात नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत करता येते. सुट्टीतील गर्दी लक्षात घेता ते लवकर करावे. आरक्षण नसल्यास अनारक्षित डब्यातूनच प्रवास करावा लागतो. दोनशे किलोमीटरांहून कमी अंतराचे अनारक्षित तिकीट काढल्यावर साधारण तीन तासांच्या आत प्रवास सुरू करणे बंधनकारक असते. त्यामुळे परतीचे तिकीट सकाळीच काढून ठेवण्याचा उपयोग होत नाही. रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर गाडीच्या वेळेची चौकशी करता येते. गाडी दोन तास उशिरा येणार असेल, तर ते दोन तास फलाटावर न घालवता घरी घालवता येतात.

गाडीची निवड करताना वेगापेक्षा वेळ महत्त्वाची असते. एप्रिलच्या अखेरीस नागपुरात पावणेसहाच्या सुमारास उजाडते. तेव्हा रात्रभर थंड झालेले डबे अजून तापलेले नसतात. सूर्य माथ्यावर बारानंतर थोड्याच वेळात येतो. परंतु हवेचे तापमान मात्र दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वाधिक असते. जमीन आधी तापते आणि मग ती हवेला तापवते, हे त्याचे कारण आहे. त्यामुळे ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल’ हा अंदाज फसवा ठरतो. दुपारी चारच्या गाडीचा पोलादी डबा दिवसभराची उष्णता साठवून आलेला असतो. परतीचा प्रवास शक्य तर साडेपाचनंतरच्या गाडीने करावा.

कोणत्या खिडकीजवळ बसावे, हेही थोडा विचार केल्यास आधी ठरवता येते. नागपूरहून सेवाग्रामकडे जाणारी गाडी नैर्ऋत्येस जाते. सकाळी सूर्य पूर्वेस असल्याने गाडीच्या दिशेने तोंड करून बसणाऱ्याच्या डाव्या हाताला ऊन आणि उजव्या हाताला सावली असते. संध्याकाळी गाडी ईशान्येस परतते आणि सूर्य पश्चिमेस असतो. तेव्हाही ऊन डावीकडे आणि सावली उजवीकडेच येते. म्हणजे या प्रवासात जाताना आणि येताना दोन्ही वेळा उजवीकडची खिडकी सोयीची ठरते. कोणत्याही मार्गाची दिशा नकाशावर पाहून असा विचार करता येतो.

खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याविषयी एक गैरसमज दिसून येतो. हवा ३० अंशांवर असताना वारा सुखावतो. परंतु ती ४० अंशांच्या पुढे गेली की तोच वारा भट्टीतील झोतासारखा अंग तापवतो आणि शरीरातील पाणी शोषून घेतो. विदर्भातील कोरड्या हवेत घाम क्षणात वाळून जातो; अंग ओले न दिसल्याने घाम आलाच नाही, असे वाटते. मूल कोरडे दिसते आणि आतून सुकत जाते. म्हणून उन्हे चढल्यावर उन्हाकडील खिडकी लावून घ्यावी, मुलाच्या डोक्याला व मानेला ओला सुती रुमाल गुंडाळावा आणि तो वाळला की पुन्हा भिजवावा.

पाणी आणि शिदोरी

शीतकपाटे नव्हती तेव्हाचे प्रवासी पाण्याची सोय घरूनच करून निघत. घट्ट झाकणाचा फिरकीचा तांब्या बहुतेक घरांत असे. जाड कापडाची छागल पाण्याने भरून गाडीच्या खिडकीबाहेर टांगली जाई. कापडातून पाझरलेले पाणी वाऱ्याने वाळे आणि आतील पाणी गार होई. माठ, सुरई, वाळ्याचा पडदा आणि घाम या सर्वांमागे बाष्पीभवनाचे एकच तत्त्व आहे. आजही पाण्याच्या बाटलीला ओला पंचा गुंडाळून ठेवल्यास पाणी बराच वेळ गार राहते.

चार वर्षांच्या मुलास सामान्य दिवसात लागते त्यापेक्षा उन्हाळी प्रवासात अधिक पाणी लागते. एकट्या मुलासाठी निदान दोन लिटर पाणी वेगळे ठेवावे. ‘तहान लागली का?’ असे विचारत बसू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी काही घोट पाजावेत. एकाच वेळी पुष्कळ पाणी पाजल्यास मूल ओकण्याचा संभव असतो. प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून मुलाला पाणी कमी देण्याची सवय काही घरांत दिसते. उन्हाळ्यात ही सवय धोक्याची आहे. उलट मुलाने दर तीन-चार तासांनी फिकट रंगाची लघवी केली, तर पाणी पुरेसे मिळत असल्याची ती खूण होय. सहा महिन्यांखालील तान्ह्या बाळाला वरचे पाणी न देता आईचे दूधच अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे.

घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात. त्यासाठी घरचे ताक, लिंबाचे सरबत आणि कैरीचे पन्हे ही उत्तम पेये आहेत. ती थंड राहणाऱ्या बाटलीतून न्यावीत आणि दुपारपूर्वी संपवावीत. क्षारसंजीवनीची एक-दोन पाकिटे जवळ असावीत. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे असेच द्रावण पाजून असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. पाकीट एक लिटर पाण्यासाठी असेल, तर ते एक लिटर पाण्यातच एकदम विरघळवावे. थोडी पूड थोड्या पाण्यात घालू नये, कारण क्षारांचे प्रमाण चुकते. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. बाजारातील सर्वच गोड पेये या कामाची नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे न बनवलेल्या पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ हे नाव वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. तरीही वेष्टन वाचूनच खरेदी करावी.

शिदोरी हलकी आणि न विटणारी असावी. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले मुरमुरे, गूळ आणि केळी हे पदार्थ दिवसभर टिकतात. दूध, खवा, बटाट्याची ओलसर भाजी आणि दहीभात उन्हात लवकर आंबतात. काकडी, संत्री व टरबूज यांतून पाणीही पोटात जाते. मात्र फळे घरून अखंड न्यावीत आणि जेवणाच्या वेळीच कापावीत. रस्त्यावर उघडी ठेवलेली कापलेली फळे आणि कशाच्या पाण्याचा आहे ते ठाऊक नसलेला बर्फ टाळावा.

कपडे सुती, सैल आणि फिक्या रंगाचे असावेत. रुंद काठाची टोपी, पायमोजे आणि कपड्यांचा एक जादा जोड घ्यावा. कुटींमध्ये जाताना पादत्राणे बाहेर काढावी लागतात. दुपारी तापलेल्या जमिनीवर मुलाचे कोवळे तळवे पोळतात. तेवढ्या चार पावलांसाठी पायमोजे उपयोगी पडतात किंवा मुलाला उचलून घेता येते.

दुपार ही विश्रांतीची वेळ

उन्हाळी सहलीचे दोन प्रकार करता येतात. पहिला अर्ध्या दिवसाचा. पहाटे निघावे, आठच्या सुमारास आश्रमात पोहोचावे, तास-दीड तास पाहून साडेदहा-अकराच्या आत परतीची गाडी धरावी. मूल दोन वर्षांहून लहान असल्यास हाच प्रकार योग्य होय. दुसरा पूर्ण दिवसाचा. त्यात दिवसाचे तीन भाग पडतात : सकाळचे पाहणे, दुपारचे थांबणे आणि संध्याकाळचे परतणे. पुष्कळ लोक मधला भाग वाया गेला असे मानून त्यात आणखी एखादे स्थळ बसवतात. वास्तविक मधला भागच सहल सुरक्षित ठेवतो. वरील कुटुंबाचा पूर्ण दिवसाचा आराखडा, गाडीच्या वेळेनुसार थोडा मागेपुढे होऊन, असा असू शकेल :

पहाटे ५ : मुलीला उठवून थोडे दूध-पोळी देणे.
सकाळी ६ ते ८ : प्रवास, गाडीत पाणी आणि केळे.
सकाळी ८ ते १० : आदि निवास, बापू कुटी, बा कुटी आणि प्रार्थनाभूमी पाहणे.
सकाळी १०.३० ते दुपारी ४.३० : जेवण, झोप आणि सावलीत बैठे खेळ.
दुपारी ४.३० नंतर : झाडांखाली थोडे फिरणे, पाणी भरून घेणे आणि उन्हे उतरल्यावर स्थानकाकडे निघणे.

दुपारच्या सहा तासांची जागा आधीच निश्चित करावी लागते. आश्रमासमोरील यात्री निवासात खोली मिळेल का, याची दूरध्वनीवरून आगाऊ चौकशी करावी किंवा वर्ध्यातील नातेवाइकांकडे दुपार काढावी. अशी जागा मिळत नसेल, तर पूर्ण दिवसाचा बेत सोडून अर्ध्या दिवसाचा स्वीकारावा. झाडाची सावली ऊन अडवते. परंतु हवेचे तापमान फारसे कमी करीत नाही. त्यामुळे चार वर्षांच्या मुलीने सहा तास झाडाखाली काढावेत, ही अपेक्षा योग्य नव्हे.

याच ठिकाणी आश्रमाच्या कुटी काही शिकवून जातात. मातीच्या जाड भिंती तापण्यास बराच वेळ घेतात. म्हणून भर दुपारीही आत हवा सुसह्य असते. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पुढे आलेले छप्पर आणि ओसरी यांमुळे ऊन भिंतींवर थेट पडत नाही. शेणाने सारवलेली जमीन पायांना गार लागते. घर असे बांधण्याबरोबरच दिवसही तसाच आखण्याची रीत जुन्या ग्रामीण जीवनात होती. शेतकरी पहाटे कामाला लागे, उन्हे तापली की सावलीत विसावे आणि दिवस कलल्यावर पुन्हा शेतात जाई. उन्हाळी सहलीचा आराखडा याहून वेगळा नाही.

गर्दीत मूल सांभाळणे

उष्णतेने मोठ्या माणसांचेही लक्ष विचलित होते आणि चिडचीड वाढते. अशा वेळी ‘मूल तुझ्याजवळ आहे असे मला वाटले’ हे वाक्य ऐकू येते. म्हणून कोणत्या वेळी मुलाचा हात कोणी धरायचा, हे नेमून द्यावे. गाडीत चढताना व उतरताना सामान एकाने आणि मूल दुसऱ्याने सांभाळावे; वृद्ध आजीकडे दोन्ही देऊ नये. मुलाच्या खिशात पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि त्या दिवशीच्या कपड्यांतील त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. डब्याच्या उघड्या दारात वारा छान लागतो. परंतु तेथे मुलाला घेऊन उभे राहणे जिवावर बेतणारे असते. मूल हरवल्यास स्थानकावरील रेल्वे सुरक्षा दलास तत्काळ कळवावे. बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे.

धोक्याची चिन्हे ओळखणे

तोंड सुकणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, गडद पिवळी लघवी, मळमळ, डोकेदुखी, पोटऱ्यांत वांब येणे आणि असाधारण सुस्ती ही पहिली चिन्हे होत. ती दिसताच पुढचा कार्यक्रम थांबवावा. मुलाला सावलीत किंवा थंड खोलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा आणि क्षारसंजीवनीचे द्रावण घोटाघोटाने पाजावे.

शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाणे, मूल असंबद्ध बोलणे, हाक मारल्यास ओ न देणे, आकडी येणे किंवा शुद्ध हरपणे हा उष्माघात होय. त्यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ किंवा ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग थंड करीत राहावे. अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे ओली थंड फडकी ठेवावीत. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापावरचे औषध उष्माघातात उपयोगी पडत नाही, कारण हा आजारपणातला ताप नसून साठलेली उष्णता असते. मुलाला आधी थंड करावे आणि थंड करता करताच रुग्णालयात न्यावे. धावत्या गाडीत असा प्रसंग आल्यास तिकीट तपासनिसास सांगावे किंवा १३९ वर कळवावे. पुढील स्थानकावर मदतीची व्यवस्था करता येते.

जाण्याच्या ठिकाणाजवळ रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच माहीत असावे. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे. मुलासह जाण्यासाठी ठिकाण निवडताना अशी सोय जवळ असणे हा मोठा आधार होय.

प्रदेश बदलतो, तसे नियमही बदलतात

मराठी भाषक कुटुंबे देशाच्या सर्व भागांत राहतात आणि प्रत्येक भागातील उन्हाळा निराळा असतो. नागपूर, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील हवा कोरडी असते. तेथे ओला रुमाल आणि वाळ्याचा पडदा चांगले काम करतात. मुंबई किंवा पणजी येथे पारा बहुधा ३४-३५ अंशांच्या आसपास थांबतो. पण हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तेथे ओल्या कपड्यापेक्षा वाहती हवा, सैल कपडे आणि वारंवार विश्रांती यांचा उपयोग अधिक होतो. तापमानाचा आकडा कमी दिसतो म्हणून किनाऱ्यावरील दुपार निर्धोक मानू नये. बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील कुटुंबांनीही आपापल्या भागातील हवा, गाड्यांच्या वेळा आणि मार्गाची दिशा पाहून आराखडा तयार करावा. पहाटे निघणे, दुपारी थांबणे आणि वरचेवर पाणी पाजणे ही तीन सूत्रे मात्र सर्वत्र सारखीच लागू पडतात.

सहलीचे यश कशात?

किती स्थळे पाहिली, यावर सहलीचे यश मोजण्याची सवय अनेकांना असते. लहान मुलाच्या दृष्टीने ही मोजणी निरर्थक आहे. त्याला इतिहासाचे सनसनावळे लक्षात राहत नाहीत. इंजिनाची शिटी, पुलावरून जाताना बदलणारा चाकांचा आवाज, मातीच्या जमिनीचा गारवा आणि ओसरीवर आजीजवळ लागलेली झोप यांत त्याचा आनंद सामावलेला असतो. त्यासाठी दहा ठिकाणे लागत नाहीत. एक ठिकाण आणि सवड पुरते.

मूल कंटाळले तर बापू कुटी पाहून झाल्यावर परतावे, उरलेले पुढच्या हिवाळ्यात पाहावे. आश्रम तेथेच राहणार आहे. अर्धवट सोडलेली सहल हे अपयश नसून जबाबदार पालकत्वाचे लक्षण आहे. रात्री घरी परतलेले मूल हसत-खेळत जेवायला बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आगगाडीचा हट्ट धरू लागले, तर नियोजन साधले असे समजावे.

स्वाध्याय

१. लहान मुलाला मोठ्या माणसापेक्षा ऊन अधिक का बाधते? तीन कारणे लिहा.
२. ‘घाम येण्यामुळे नव्हे, तर तो वाळण्यामुळे अंग थंड होते.’ या विधानाच्या आधारे कोरड्या व दमट उन्हाळ्यातील फरक स्पष्ट करा.
३. सेवाग्राममधील कुटी उन्हाळ्यात सुसह्य का राहतात?
४. उष्माघात झालेल्या मुलाबाबत काय करावे आणि काय टाळावे?
५. तुमच्या गावाहून आगगाडीने जाता येईल असे एक ठिकाण निवडा. चार वर्षांच्या मुलासह करावयाच्या उन्हाळी सहलीचा आराखडा तयार करा. गाडीत सावलीची बाजू कोणती असेल, तेही कारणासह लिहा.